खणांचं गाव

जर्मन शिकायला लागले तेव्हा अगदी पहिल्या महिन्यात पाठ केलेल्या शब्दांमध्ये ‘फाख’ हा एक शब्द होता. फाख म्हणजे खण. कपाटाचा खण, टेबलाचा खण. पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरून गेले. मग कितीतरी वर्षांनी क्वेडलिनबुर्गच्या एका अरुंद गल्लीत उभी असताना तो पुन्हा भेटला. समोरच्या घराची दर्शनी बाजू म्हणजे उभ्याआडव्या काळपट लाकडांची चौकट होती आणि चौकटीतल्या प्रत्येक मोकळ्या जागेत पांढरा गिलावा. या बांधणीला जर्मनीत ‘फाखवेर्क’ म्हणतात. वेर्क म्हणजे काम. खणांचं काम.

आमच्या आजोळी, देवरुखजवळच्या वाडीत, घर कधी फुटांनी मोजत नसत. घर पाच खणी. माजघर तीन खणांचं, पडवी पाच खणांची. दोन खांबांच्या मध्ये जेवढी जागा, तो एक खण. आजोबा कुणाच्या घराबद्दल सांगायला लागले की आधी खण सांगायचे, माणसं मागाहून. आणि इथे, इतक्या हजार कोसांवर, खांबांमधल्या जागेला आणि कपाटाच्या कप्प्याला तसाच एकच शब्द. दोन्हीकडे आधी लाकूड उभं राहायचं आणि भिंत मागून यायची, म्हणून असेल. त्या दिवशी त्या गल्लीत मी बराच वेळ उभी राहिले. तोवर हे गाव मी नुसतं पाहिलं होतं.

क्वेडलिनबुर्ग हार्ट्स डोंगराच्या उत्तरेला, बोडे नदीच्या काठी आहे. वस्ती चोवीस हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. माग्डेबुर्गहून आगगाडीने सव्वा-दीड तासात पोचता येतं. हार्ट्सच्या अरुंद रुळांवरून जाणारी वाफेच्या इंजिनाची गाडीही २००६ पासून इथपर्यंत येते. एवढ्याशा जागेत दोन हजारांहून जास्त फाखवेर्क घरं आहेत, मध्ययुगापासूनची. १९९४ साली युनेस्कोने टेकडीवरचं मठाचं चर्च, गढी आणि खालचं जुनं गाव असं सगळं मिळून जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पहिल्या खेपेला मी वर बघत हिंडले. सगळे तसेच हिंडतात. वरचा मजला खालच्या मजल्याच्या थोडा पुढे येतो, त्याच्यावरचा आणखी पुढे, आणि काही गल्ल्यांमध्ये समोरासमोरची घरं एकमेकींच्या कानाशी लागल्यासारखी दिसतात. फोटो पुष्कळ काढले. घरी येऊन पाहिले तर एका घराचा फोटो दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येईना.

खाली बघायला मला एका दुरुस्तीच्या कामाने शिकवलं. दुसऱ्या खेपेला एका घराचा कोपरा चक्क जॅकवर उचललेला दिसला. वरचे दोन मजले, छप्पर, खिडक्यांतल्या कुंड्यांसकट तसेच, आणि तळाशी एक माणूस आडव्या तुळईचा कुजलेला तुकडा कापून त्या जागी नवं ओकचं लाकूड बसवत होता. जुनं लाकूड काळं, नवं पिवळंधमक, मध्ये तिरका सांधा. त्या सुताराने मला हाकललं नाही. हातातलं काम चालू ठेवून त्याने सांगितलं, की या घरात हे लाकूड याआधीही दोनदा बदललेलं आहे. सांधे मोज, म्हणजे कळेल. मी मोजले. खरंच होते.

त्या तळाच्या तुळईला जर्मनमध्ये ‘श्वेले’ म्हणतात. उंबरठ्यालाही श्वेलेच म्हणतात. आधी दगडाचं जोतं, त्यावर ही श्वेले, तिच्यात कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, घालून उभे केलेले खांब, खांब हलू नयेत म्हणून तिरके आधार, वर पुन्हा आडवी तुळई. खिळा नाही; भोकं पाडून लाकडाच्याच खुंट्या ठोकायच्या. सगळी चौकट आधी सुताराच्या वखारीत जमिनीवर आडवी जुळवून बघायची, प्रत्येक तुकड्यावर छिन्नीने आकडे कोरायचे, मग सुटी करून जागेवर आणून त्याच आकड्यांनी उभी करायची. हे आकडे अजून दिसतात. एकदा नजरेला सवय झाली की कोपऱ्याकोपऱ्यावर दिसायला लागतात, रोमन पद्धतीच्या सरळ रेघा: दोनाला दोन जुळतं, तिनाला तीन. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा सुताराने आपल्या हाताखालच्या पोराला घातलेली खूण. दर्शनी बाजूच्या सगळ्या नक्षीपेक्षा मला या रेघा जास्त आवडतात.

आणि श्वेले सगळ्यात आधी कुजते. पाऊस वरून येतो, ओल खालून येते, दोन्ही तिथे भेटतात. खांब पाचशे वर्षं टिकेल, श्वेले तेवढी टिकत नाही. घर टिकवायचं तर दोन-तीन पिढ्यांत एकदा कुणीतरी ते घर उचलून धरायला हवं. ज्या घरांना आपण पाचशे वर्षांची म्हणतो ती सगळी अशी अनेकदा उचलून धरलेली घरं आहेत. हे कळल्यापासून ‘जपून ठेवलेलं गाव’ हा शब्दप्रयोग मला पटेनासा झाला. कपाटात साडी जपून ठेवतात. घर जपून ठेवता येत नाही, ते पुन्हा पुन्हा बांधावं लागतं.

वोर्डगासे नावाच्या गल्लीत तिसऱ्या क्रमांकाचं एक घर आहे. दिसायला या गावातल्या सगळ्यांत साधं. नक्षी नाही, रंग नाही. त्याचे खांब जोत्यापासून थेट छपरापर्यंत एकसंध आहेत. मजले वेगवेगळे बांधून एकावर एक चढवायची पद्धत नंतर आली. लाकडातली वर्षाची कडी मोजून याचं वय काढलेलं आहे. पावसाच्या वर्षी झाडाचं कडं रुंद होतं, कोरड्या वर्षी अरुंद, आणि हा रुंद-अरुंदाचा क्रम जुळवत मागे गेलं की झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं तेही सांगता येतं. इथली झाडं १३४६-४७ च्या सुमाराला तोडलेली आहेत. त्या लाकडाखाली माणसं १९६५ पर्यंत राहत होती. सहाशे वर्षांहून जास्त काळ कुणीतरी तिथे चूल पेटवली, कुणीतरी आजारी पडलं, कुणाची तरी मुलं मोठी झाली. आता तिथे फाखवेर्कचंच संग्रहालय आहे. आत गेल्यावर तुळया डोक्याला लागतात की काय असं वाटतं आणि जुन्या धुराने काळवंडलेल्या लाकडाचा एक वास येतो, तो मी ओळखला. आजोळच्या माळ्यावर तोच वास होता.

नंतरच्या शतकांतली घरं नटलेली आहेत. सोळाव्या शतकातल्या तुळयांवर अर्ध्या सूर्यासारखे पंखे कोरलेले, दोराचा पीळ कोरलेला. पुढच्या काळात तुळयांची टोकं हिऱ्यासारखी पैलू पाडलेली. ब्राइटे स्ट्रासेवरचं ‘गुलाबाचं’ म्हणून ओळखलं जाणारं गिल्डचं घर १६१२ चं आहे, त्याच्यासमोर तासभर सहज जातो. बऱ्याच घरांवर बांधणाऱ्याचं नाव, साल, कधी एखादं वचन. ‘देवावर ज्याचा भरवसा, त्याने घर नीट बांधलं’ अशा अर्थाची यमक जुळवलेली ओळ जर्मनीभर अशा घरांवर दिसते. शूहोफ या चांभारांच्या जुन्या बोळात खालच्या खिडक्यांना आडव्या फळ्या आहेत: खालची फळी खाली पाडली की दुकानाचा ओटा, वरची वर उचलली की पावसाला आडोसा.

मात्र या घरांकडेच बघत राहिलं तर गावाची अर्धी गोष्ट निसटते. कारण घरांच्या वर टेकडी आहे, आणि टेकडीवर साडेआठशेहून जास्त वर्षं बायकांचं राज्य होतं.

हाइनरिख पहिला ९१९ मध्ये जर्मन राजा झाला. मुकुट घेऊन दूत आले तेव्हा तो पाखरं धरायला जाळं लावून बसला होता अशी दंतकथा आहे, आणि टेकडीच्या पायथ्याच्या छोट्याशा चौकाचं नाव अजून त्यावरूनच आहे, फिंकेनहेर्ड. ९२२ च्या त्याच्या एका सनदेत या गावाचं नाव पहिल्यांदा सापडतं. ९३६ मध्ये तो वारला, त्याला इथे टेकडीवर पुरलं. त्याची राणी माथिल्डे हिने मुलाकडून, पुढे सम्राट झालेल्या ओट्टोकडून, त्याच वर्षी या टेकडीवर सरदारघराण्यांतल्या स्त्रियांसाठी मठ स्थापन करून घेतला आणि पुढची तीस वर्षं तो स्वतः चालवला. तिच्यानंतर तिची नात आली, तीही माथिल्डे. ९९४ साली तिच्या भाच्याने, तिसऱ्या ओट्टोने, तिला बाजार भरवायचा, नाणी पाडायचा आणि जकात घ्यायचा हक्क दिला. खालचं गाव त्या हक्कातून वाढलं. तीन वर्षांनी तो इटलीला गेला तेव्हा मागे राज्यकारभार बघायला त्याने या आत्यालाच नेमलं.

या बायकांनी आयुष्यभराची संन्यासिनीची शपथ घेतलेली नसे. मठाध्यक्षा सोडून बाकीच्या लग्न करून निघून जाऊ शकत. मठाध्यक्षा मात्र राज्यकर्ती. तिचं न्यायालय, तिची जकात, तिचं नाणं, साम्राज्याच्या सभेत तिचं स्थान. चांगल्या होत्या, वाईट होत्या, हट्टी होत्या; राज्यकर्ते असतात तशा. पंधराव्या शतकात गावच्या व्यापाऱ्यांनी मान वर केली, बाजारचौकात स्वातंत्र्याची खूण म्हणून रोलांडचा दगडी पुतळा उभा केला. १४७७ मध्ये मठाध्यक्षा हेडविगने आपल्या भावांचं सैन्य बोलावून गाव वठणीवर आणलं आणि पुतळा खाली आला. तो पुन्हा उभा राहिला १८६९ मध्ये, तेव्हा मठच उरला नव्हता. आज नगरपालिकेच्या दाराशी तो डाव्या बाजूला उभा आहे. शेवटची मठाध्यक्षा स्वीडनची राजकन्या होती. १८०३ मध्ये तिचा अधिकार संपला.

मला नेहमी वाटतं, की डोरोथेआ एर्क्सलेबेन याच गावात जन्मली हा योगायोग नसावा. सिद्ध करता येणार नाही; पण ज्या गावात सर्वोच्च जागेवर बाई असते हे मुलगी लहानपणापासून बघते, त्या गावाचा काहीतरी परिणाम होत असणार. १७१५ चा जन्म, वडील डॉक्टर, त्यांच्याकडेच शिकली. मुलींना शिकण्यापासून कोणत्या गोष्टी रोखतात यावर तिने १७४२ मध्ये पुस्तक छापलं. मग विधुर पाद्र्याशी लग्न केलं, त्याची पाच मुलं वाढवली, स्वतःला चार झाली, आणि वैद्यकी चालू ठेवली. एक रुग्ण दगावल्यावर गावातल्या डॉक्टरांनी ती भोंदू असल्याची तक्रार केली. तेव्हा तिने हालेच्या विद्यापीठात परीक्षा दिली आणि १२ जून १७५४ रोजी वैद्यकशास्त्रातली डॉक्टर झाली, जर्मनीतली पहिली. आनंदीबाई जोशींच्या पदवीच्या १३२ वर्षं आधी. तिच्या प्रबंधाचा विषयही मला फार आवडतो: आजार झटपट आणि रुग्णाला सुखाचा वाटेल असा बरा करण्याच्या नादात उपचार कसे फसतात. तिच्यानंतर प्रशियात मुलींना विद्यापीठाचं दार रीतसर उघडायला १९०८ उजाडलं. आता गावच्या इस्पितळाला तिचं नाव आहे.

टेकडीवरचं आजचं चर्च मुख्यतः १०७० च्या आगीनंतर बांधलेलं, ११२९ मध्ये पूर्ण झालेलं. खाली तळघरात थोरल्या माथिल्डेची दगडी शवपेटी आहे. शेजारची हाइनरिखची जागा रिकामी. ती कधी आणि का रिकामी झाली याची कुणालाच खात्री नाही. या रिकामेपणाचा फायदा पुढे एका भयंकर माणसाने घेतला. १९३६ साली हाइनरिखच्या मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर इथे आला, चर्चमध्ये भाषण केलं. पुढे चर्च ताब्यात घेतलं, प्रार्थना बंद पाडल्या, आतली गॉथिक रचना झाकून आपल्याला हवी तशी ‘प्राचीन’ कमान उभी केली, आणि उत्खननात हाइनरिखची हाडं सापडल्याचंही जाहीर केलं. हाडं त्याची नव्हती. आजही चर्चच्या पूर्वेच्या टोकाला ती कमान आहे. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. जुन्या वास्तूवर प्रेम करणारा प्रत्येक माणूस भला असतो असं मानून मी मोठी झाले होते, त्या कमानीने ती समजूत पुसून टाकली.

टेकडीवरून समोर दुसरी एक छोटी टेकडी दिसते, म्युन्त्सेनबेर्ग. तिथेही ९८६ पासून बायकांचा मठ होता. १५२५ च्या शेतकरी बंडात तो उजाड झाला. मग गावात ज्यांना जागा नव्हती अशी माणसं तिथे चढली. कल्हईवाले, फिरते वादक, मजूर. त्यांनी पडक्या चर्चच्या भिंतींना भिंती लावून इवलीइवली घरं बांधली, आणि चर्च त्यांच्या तळघरांत वाटलं गेलं. एकाच्या बटाट्यांच्या खोलीत खांब, दुसऱ्याच्या कोळशाच्या खोलीत कमान. अलीकडे एका दांपत्याने एकेक तळघर मिळवून, मधल्या भिंती काढून, ते चर्च पुन्हा सलग चालता येईल असं केलं आहे. वर अजून माणसं राहतात. दोरीवर कपडे वाळत असतात, आणि पायाखाली हजार वर्षांपूर्वीची दगडी कमान. टेकडीवरच्या मोठ्या चर्चपेक्षा मला इथे जास्त वेळ बसावंसं वाटतं.

आता गाव वाचलं कसं, ते. याचं उत्तर फारसं गौरवाचं नाही.

मठ गेल्यावर क्वेडलिनबुर्ग प्रशियाचं एक आडबाजूचं गाव झालं. एकोणिसाव्या शतकात भाजीपाला, फुलं आणि साखरेच्या बीटाची बियाणी तयार करण्यात त्याने जगभर नाव मिळवलं, पैसा आला, पण त्या पैशाचे बंगले जुन्या तटाबाहेर उठले. आत पूर्वीसारखंच राहिलं. मग युद्ध. जेमतेम पंधरा किलोमीटरवरचं हाल्बरश्टाट, असंच फाखवेर्कचं गाव, ८ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. लाकूड आणि पेंढा, किती वेळ लागणार. क्वेडलिनबुर्गमध्ये अमेरिकी सैन्य अकरा दिवसांनी शिरलं आणि गाव उभंच होतं. चर्चचा खजिना मात्र गेला. लपवलेल्या गुहेतून एका अमेरिकी अधिकाऱ्याने बारा वस्तू उचलल्या आणि टपालाने टेक्सासला घरी पाठवल्या. त्यात नवव्या शतकातली सोन्याच्या जिल्दीची बायबलची पोथी होती. तो मेल्यावर वारसांनी विकायला काढली तेव्हा पत्ता लागला. १९९३ मध्ये दहा वस्तू परत आल्या. दोन अजून आलेल्या नाहीत.

नंतर चाळीस वर्षं पूर्व जर्मनी. १९६० च्या दशकात जुनं गाव पाडून मोठा चौक आणि नव्या इमारती करायचा आराखडा तयार होता. पैसे नव्हते म्हणून तो राहिला. पण पैसे नव्हते म्हणून कौलंही बदलली गेली नाहीत. छपरातून पाणी आलं, पाण्याने तुळया, तुळयांनी श्वेले. माणसं गावाबाहेरच्या काँक्रीटच्या सदनिकांमध्ये राहायला गेली, तिथे नळाला गरम पाणी होतं. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या मामानेही तेच केलं. गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा इथली कितीतरी घरं आणखी थोडक्या हिवाळ्यांची सोबती होती.

गरिबीने गाव वाचवलं असं लिहिलेलं मी वाचते तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. गरिबीने फक्त पाडायचं काम लांबवलं. वाचवलं ते नंतरच्या तीस वर्षांत सुतार, गवंडी, कौलं घालणारे यांनी, आणि ज्यांनी पडकी घरं घेऊन आयुष्याची कमाई त्यांत घातली त्यांनी. १९९९ मध्ये जर्मनीतली पहिली ‘युगेंडबाउह्युटे’ इथे सुरू झाली: शाळा संपलेली मुलंमुली वर्षभर इथे राहून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम शिकतात. दरवर्षी नवी तुकडी. त्यांतली सगळी पुढे सुतार होत नाहीत. पण कुसू कशी बसवायची हे एकदा हाताने केलेला माणूस पुढे वकील झाला तरी जुन्या घराकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आमचं आजोळचं घर २००९ मध्ये पाडलं. जोतं जांभ्याचं, खांब किंजळीचे, आणि आतल्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्याआडव्या गुंफायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायचं. दर दिवाळीआधी आजी, आई, मावश्या मिळून भेगा बुजवायच्या. आजी थकली, मावश्यांची लग्नं झाली, हात कमी पडायला लागले. म्हणून मामाने कायमचा इलाज केला: कुडावर जाळी मारून सिमेंटचा गिलावा, वर तेलरंग. दोन पावसाळे छान दिसलं. सिमेंटने आतली ओल बाहेर जाऊ दिली नाही. खांबांची बुडं आतल्या आत मऊ पडली, वाळवी लागली, आणि कळलं तेव्हा ओटीचा कोपरा खचला होता. क्वेडलिनबुर्गच्या सुतारांकडून मी हुबेहूब तीच हकिकत ऐकली आहे. इथेही गेल्या शतकात लोकांनी मातीच्या खणांवर सिमेंट थापलं, लाकडाला हवा न लागू देणारा रंग दिला, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या घरांच्या तुळया आतून भुसा झाल्या. आता दुरुस्तीत आधी ते सिमेंट उतरवतात आणि पुन्हा माती भरतात.

गेल्या वर्षी आई माझ्याकडे आली होती. सप्टेंबरचा दुसरा रविवार. त्या दिवशी जर्मनीभर एरवी बंद असलेल्या जुन्या वास्तू लोकांना बघायला उघडतात. मी तिला क्वेडलिनबुर्गला घेऊन गेले. टेकडीवर तिचे गुडघे दुखले, चर्चमध्ये ती शांत बसून राहिली, बाजारचौकातल्या रंगीत घरांना ‘छान आहेत’ म्हणाली. ते ‘छान’ मला माहीत आहे. माझ्यासाठी म्हणते ती.

मग आम्ही एका दुरुस्ती चाललेल्या घरात शिरलो. आतली एक भिंत उघडी केलेली होती. खांबांच्या मधल्या खणात उभ्या खुंट्या, त्यांच्यातून आडव्या विणलेल्या काठ्या, आणि अर्ध्या उंचीपर्यंत माती. आई थेट भिंतीपाशी गेली आणि हात लावला.

“अगं, हा तर कुड!”

मी तिला सांगितलं, की जर्मनमध्ये भिंतीला ‘वांड’ म्हणतात आणि तो शब्द विणण्या-गुंडाळण्याच्या क्रियापदावरून आला आहे. तिचं लक्ष नव्हतं. ती काठ्या बघत होती. “कारवी नाही ही. कसली आहे?” तिथे काम करणारी मुलगी असेल एकोणीस-वीस वर्षांची, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. ती म्हणाली, विलोची आहे, कधी हेझलची पण वापरतो. आईने मान हलवली. बादलीतली माती दोन बोटांत घेऊन चोळली, वास घेतला.

“कुजवली किती दिवस?” मी भाषांतर केलं. मुलीचा चेहरा उजळला. पेंढा घालून आठवडाभर ठेवली, म्हणाली. आई म्हणाली, “आम्ही पण. पायांनी तुडवायची. हिला विचार, पायांनी तुडवते का.” मुलीने बूट काढून मातीने माखलेले मोजे दाखवले. दोघी हसल्या. मग त्या मुलीने न बोलता बादली आईच्या पुढे सरकवली.

आईने घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, पदर खोचला. मूठभर माती घेऊन तिने ती खणात जोराने मारली, तळहाताच्या खळग्याने वर सरकवत दाबली, पुन्हा मारली. पंधरा वर्षांत तिने हे केलं नव्हतं. हात अडखळला नाही. मागे पाचसहा माणसं थांबून बघत होती, तिला कळलंही नसावं. खण तिच्या खांद्यापर्यंत भरत आला तेव्हा ती मागे सरली आणि शेजारच्या, आधीच भरून वाळत असलेल्या खणाकडे बोट दाखवलं. त्यात बारीक भेगा पडल्या होत्या.

“तूस कमी पडलं तिथे. हिला सांग.”

मुलीने ऐकलं आणि मान हलवली. तो पहिला थर आहे, म्हणाली. त्याला भेगा हव्याच असतात, म्हणजे वरचा थर धरून राहतो.

मी आईला सांगितलं. ती क्षणभर त्या भेगांकडे बघत राहिली.

“पहिला हात होय? मग बरोबर आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्या हाताला माती चाळून घे म्हणावं.”